मापाचा दांडू

मास्तर, तुमचा मापाचा दांडू अजून माझ्याकडं आहे. त्याला वाळवी लागलेली नाही. दर संक्रांतीला मी त्याला करडईचं तेल चोळतो, तुम्ही चोळत होता तसं, आणि परत खुंट्यांवर आडवा ठेवून देतो. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की शाळेतल्या नव्या पोरांना तुम्ही कोण हेही ठाऊक नाही. कवायतीला दुसरे मास्तर आले आहेत. ते शिट्टी वाजवतात. तुम्ही गळ्यात शिट्टी कधी अडकवली नाही. दोन बोटं जिभेखाली घालून, मेंढरं वळवताना काढतात तसला आवाज काढायचात, आणि अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं. किल्ल्याच्या खंदकाकडून जाताना माझे पाय अजून त्या आवाजाला अडखळतात.

आज अमावास्या, माग बंद आहेत. मी साखर पेठेत एका तेलंगी कारखानदाराकडं कामाला आहे. लुगडी गजानं मोजून, घड्या तपासून गठ्ठे बांधून देतो. मालक घड्या मोजताना ओकटी, रेंडू, मूडू म्हणतो, आणि मला आपलं वकट, रेंड, मूंड आठवतं. मैदानावर इतकी वर्षं आपण त्यांच्याच बोलीत दांडू मोजत होतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी हितं कसा, असं तुम्ही विचाराल. "कॉलेजात गेलतास न्हवं? मग गठ्ठं कसलं बांधतूस?" सांगतो, मास्तर. सगळंच सांगायला बसलो आहे, पण सरळ तिथं जाता येत नाही. आधी मैदानावरून जावं लागेल.

आपल्या मैदानाची रीत तुम्हाला सांगायची म्हणजे गंमतच, पण मला ती परत एकदा लिहून बघायची आहे. टोला मारणारा गडी विटी पडली की स्वतःच मागायचा, इतके दांडू द्या. खळगीपासून विटीपर्यंत तेवढे दांडू बसतात असं त्याचं म्हणणं. समोरच्यांनी 'घे' म्हटलं तर तेवढे गुण त्याच्या नावावर. मोजणी झाली आणि मागितल्यापेक्षा कमी भरले, तर गुणही गेले आणि गडीही बाद. म्हणजे मनगटात जोर असून भागायचं नाही, किती मागावं हे कळावं लागायचं. दुसऱ्या मैदानांवर दर टोल्याला 'मोज, मोज' असा गलका उठायचा, पोरं दांडू टाकत टाकत धुळीतून सरकायची, दिवस बुडला तरी डाव संपायचा नाही. तुमच्यापुढं ते चालत नसे. मोजायचं की नाही हे पंच ठरवणार. तुम्ही खळगीशी उकिडवे बसायचात, एक डोळा बारीक करून विटीकडं बघायचात आणि उठता उठता म्हणायचात, "घे", नाहीतर "न्हाय, कमी माग". गडी कमी मागायचा आणि खेळ पुढं जायचा. फडक्यात गुंडाळलेला मापाचा दांडू बाहेर निघायचा तो एखाद्याच सामन्यात, आणि तो निघाला की कडेला बसलेली माणसंही उठून उभी राहायची.

तुम्ही हे ठरवता कसं, असं मी एकदा विचारलं होतं. मधली सुट्टी आहे, शाळेमागच्या लिंबाखाली तुम्ही भाकरीचं फडकं सोडून बसला आहात. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि कांदा तुम्ही बुक्कीनं फोडता. मी समोर उभा, कालचा राग अजून नाकावर. काल तुम्ही मला 'कमी माग' म्हणाला होता.

"मेंढरं राखलीस का कदी?" तुम्ही विचारता.

"नाही."

"तुझ्या आज्यानं राखली. त्येला इचारायचं हुतंस. सांजचं मेंढरं वाघरीच्या जाळीत घालताना रोज कुनी मोजत बसत न्हाय. बगायचं. कळप भरलेला हाय का न्हाय, डोळ्याला कळतं. ज्या दिवशी बगूनबी कळंना, जीव खालीवर हुतोय, त्या दिवशी मोजायचं."

"म्हणजे डोळ्याला कळलं नाही तरच."

"थांब की जरा. दोघांलाबी कळंना झालं तरच. एकाला कळलंय आन तरी त्यो मोज मोज करतोय, तर त्यो मोजत न्हाय, भांडतोय. त्येच्या हातात दांडू दिऊ नये."

तुम्ही कांद्याची एक पाकळी माझ्या हातावर ठेवता. "आन आदी बगायचं, विटी पडली तितंच हाय का. कुनाचा पाय लागला, शेळीनं नाक लावलं, हालली विटी. मग तू दांडू टाकून आकडा काडशील त्यो कुटला? आकडा चोख आन जागा खोटी. लोक आकड्याला भित्यात, म्हनून त्यो जपून काडायचा."

मला तेव्हा हे सगळं म्हातारपणाचं बोलणं वाटलं. तुम्ही म्हातारे नव्हता, आता हिशेब करतो तेव्हा कळतं. पण सोळा-सतरा वर्षांच्या माझ्या डोक्यात एकच होतं, की मोजलं की भांडण मिटतं. डोळ्यांचा काय भरवसा? दांडू लाकडाचा आहे, तो कुणाची बाजू घेत नाही.

तो दांडूही तुम्ही जिवापाड जपलेला. बाभळीचा, जुन्या मुंडाशाच्या तुकड्यात गुंडाळलेला. त्यानं कुणी खेळायचं नाही, कारण खेळलं की टोक झिजतं, आणि झिजलं की आकडा फुगतो. एकदा एकानं गमतीनं त्यानं विटी उडवली तर तुम्ही त्याला उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावलं होतं. मला अजून त्याचं धापा टाकणं ऐकू येतं.

आता तो सामना. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठलेली, मैदानावर पाळण्यांच्या खांबांचे खड्डे अजून तसेच. एका बाजूला आपली शाळा, दुसऱ्या बाजूला गिरणीच्या चाळीतली पोरं. त्यांचा म्होरक्या जॉबरचा, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाचा मुलगा, हाताला जड आणि जिभेला माझ्याहून तिखट. शेवटचा टोला माझा. विटी अशी काही बसली दांडूवर की हात झणझणला. ती खड्ड्यांवरून, माणसांवरून गेली आणि पार टांग्यांच्या वाटेजवळ पडली. आम्हाला जिंकायला साठ हवे होते. मी मान वर करून साठ मागितले.

"साठ?" तो म्होरक्या कमरेवर हात ठेवून हसला. "अरे इत्ता नक्को मांग. पचास ले, पानी पी, घर कू जा."

मैदान हसलं. तुम्ही उकिडवे बसलात, बघितलंत, उठलात. "छप्पन. लई तर सत्तावन्न. कमी माग."

कमी मागून काय करू? छप्पन घेऊन हरायचंच होतं. मी म्हणालो, "मोजा." आपल्या पोरांनी तेच धरलं. मोजा, मोजा. तुम्ही कधी नाही ते फडक्याची गाठ सोडलीत. मला हे लख्ख आठवतं, मास्तर, कारण पुढं सगळं त्याच्यावरच फिरलं. गाठ सोडलीत म्हणजे मोजायचं तुम्ही ठरवलं होतं. गलका थांबवायला असेल, माझी खोड मोडायला असेल. दांडू हातात घेतलात, तळव्यावर एकदा फिरवलात, अंगठा टोकावर टेकवलात आणि तसेच उभे राहिलात. मग दांडू परत फडक्यात गुंडाळलात.

"आज मोजायचं न्हाय."

"का?"

"न्हाय म्हनलं न्हवं. नजरंवर चालंल."

माझं डोकं फिरलं. ते फिरायला तेव्हा काही लागत नसे, अजूनही लागत नाही. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं मी ओरडलो, "नजर अधू झाली असेल तर तसं सांगा, मास्तर. डोळस माणसाला पंच करू आम्ही."

तो चाळीचा म्होरक्याच पुढं आला. "ए, मास्टर कू ऐसा नक्को बोल." आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं बघितलं असतंत तर मी आजवर ते विसरलोही असतो. तुम्ही असं बघितलंत की जसं एखाद्या टोल्याकडं बघावं, लांब कुठवर जाईल याचा अंदाज घेत. मग फडकं सोडून दांडू पुढं केलात. "घ्या. मोजा."

दोन पोरं मोजत गेली. वकट, रेंड, मूंड. साठ भरले, वर थोडी जागाही उरली. मला खांद्यावर उचलून घेतलं. खांद्यावरून मला तुम्ही दिसत होता. खाली पडलेलं फडकं तुम्ही उचललंत, धूळ झटकलीत आणि दांडू काखेत मारून बाळीवेशीच्या दिशेनं चालू लागलात. एकदाही मागं बघितलं नाहीत.

'मास्तरांची नजर गेली' हे त्यानंतर आठवड्याभरात सगळ्या पेठांत झालं. पुढच्या सामन्यांना दुसरा पंच बोलावला. तुम्ही एका शब्दानं कुणाला काही म्हणाला नाहीत. उलट एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात मला थांबवून तो दांडू माझ्या हातात दिलात, फडक्यासकट. "ह्यो तुज्याकडं ठेव. ह्येनं आता कुनी मोजायचं न्हाय." मी समजलो, जिंकलेल्याला बक्षीस. घरी जाऊन आधी खुंट्या ठोकल्या. येईल त्याला सांगत होतो, ह्या दांडूनं माझे साठ भरले, मास्तर छप्पन म्हणत होते. पुण्याला कॉलेजात गेलो तर ट्रंकेत घालून तिथंही नेला.

सामना झाला त्याच उन्हाळ्यात तुम्हाला ताप भरला आणि तो उतरला नाही. मी खांदा दिला. तुमच्या दारात तुमची मुलगी उभी होती, तिच्या हाताला पीठ तसंच लागलेलं. तिची आई गेल्यापासून तुमचं चूल-पाणी तीच बघायची, चुलीवर वाकली की तिचं डोकं भिंतीवरच्या फळीखाली सहज बसायचं, एवढीशी. मग तिच्या आत्यानं तिला आपल्याकडं नेलं.

मास्तर, हे पत्र त्या मुलीविषयी आहे. कान पिळावासा वाटला तर पिळा.

आत्याबाईंनी तिला शिकवलं. मराठी सातवी झाली, ट्रेनिंग झालं, मुलींच्या शाळेत ती मास्तरीण झाली. आत्याबाईंच्या गल्लीत तिला आता बाई म्हणतात. मी सुट्टीत आलो की आत्याबाईंना भेटायला जात होतो, आधी तुमच्या आठवणीनं, मग तुमच्या आठवणीचं निमित्त करून. ती ओट्यावर बसून वह्या तपासत असायची. मी आलो की मान वर करायची नाही, पण हातातली लाल पेन्सिल थांबायची. निघताना माझ्या पिशवीत भाजलेल्या शेंगांची पुडी असायची, आणि ती कुणी ठेवली हे आत्याबाई मला विचारायच्या. तुमचं आणि आमचं घर सोयरीक जुळण्यासारखं, मंगळवेढ्याकडचं, एकाच माळावर मेंढरं चारलेलं. आडवं काहीच नव्हतं, माझ्या तोंडाशिवाय.

कॉलेजात शेवटचं वर्ष चाललेलं. गावाहून आलेला एक मित्र सहज बोलून गेला, की मास्तरांच्या मुलीला दुधनीचं स्थळ आलंय, अडतीचं दुकान आहे त्यांचं, बघून गेले. परीक्षा तोंडावर होती. मी वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंटशी नको तसं बोललो, ट्रंक भरली आणि गाडीत बसलो. सोलापूर स्टेशनावरून घरीही गेलो नाही, टांगा सरळ आत्याबाईंच्या दारात. ती सुपात जोंधळे पाखडत होती. ट्रंक हातात धरूनच मी विचारलं, "हो की नाही? आत्ता सांग."

ती सूप धरून बघत राहिली. म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं. पण मला तोंडानं सांगितलेलं हवंय."

तिनं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. आत्याबाई बाहेर आल्या. "दुधनीचं पावनं तिनंच माघारी धाडलं, मुडद्या. परीक्षा सोडून आलास व्हय? बस. पानी पी." मी पाणी प्यालो. पण परत पुण्याला गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो? तिथून साखर पेठेतला कारखाना.

तुमचं वाक्य त्या दिवशी मला आठवायला हवं होतं. एकाला कळलंय आणि तरी तो मोज मोज करतोय. पण मला तुमची वाक्यं फार उशिरा आठवतात, मास्तर.

मग थंडीतला एक दिवस. आत्याबाई सिद्धेश्वराला गेलेल्या. ती चुलीशी बसून तव्यावर शेंगा भाजते आहे, मी उंबऱ्यात बसलो आहे. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं नीट बोलतो आहोत. फुंकणी उचलता उचलता ती विचारते, "बाबांचा दांडू अजून आहे का तुमच्याकडं?"

"आहे की. तेल लावून ठेवलाय."

"एक सांगू? आत्याला पण माहीत नाही." ती हसते आहे, धुरानं डोळे मिटत. "त्याचं टोक मी जाळलं होतं. चुलीत लाकडं सारायला काही सापडेना, कोपऱ्यात तो दिसला. आत सारला आणि पिठाकडं वळले. बघते तर टोक पेटलेलं. दोन बोटं तरी गेलं. विळ्यानं कोळसा तासला, जात्याच्या पाळीवर टोक घासून घासून गोल केलं, तेल लावलं, फडक्यात गुंडाळून होता तिथं ठेवला. दुसऱ्या दिवशी तुमचा सामना होता."

ती शेंगा हलवत राहिली आणि हसू हळूहळू गेलं. "बाबा आता ओरडतील, मग ओरडतील, अशी वाट बघायची मी. त्यांना कळलंच नाही. तसेच गेले. एवढा जपलेला दांडू, आणि मी फसवलं त्यांना. अजून कधीकधी चुलीपुढं बसलं की वाटतं, मागून हाक मारतील."

मास्तर, समोर माणूस आपल्या पोटातलं काढून ठेवतंय, आणि मी काय करत होतो? मी हिशेब करत होतो. दोन बोटं, साठ वेळा. चारेक दांडू होतात. म्हणजे छप्पन. म्हणजे मी बाद. ज्या एका गोष्टीचा मला गर्व होता, जी मी पुण्याच्या पोरांना भिंतीवर दाखवत होतो, ती ह्या चुलीत जळालेली.

"म्हणजे माझे साठ खोटे," मी म्हणालो.

"तुमचं काय त्यात, तुम्ही थोडंच..."

"तुमच्या घरचं मापच खोटं."

तिचा हात थांबला. तव्यावरच्या शेंगा करपायला लागल्या, वास सुटला, तरी तिनं त्या हलवल्या नाहीत. मग म्हणाली, "व्हय. खोटंच." ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेली भाषा गळून पडली आणि तुमची बोली बाहेर आली, तुमच्याच आवाजात. मी उठून आलो. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. वाटेत दिसली तर ती छत्री खाली करते.

पुढं एकदा कारखान्यात लुगडं मोजत होतो. गज हातात फिरवला, आणि माझा अंगठा आपोआप त्याच्या टोकावर टेकला. टोकाची धार किंचित बोथट झाल्यासारखी लागली. गज नवा होता, तो मनाचा खेळ होता. पण त्या क्षणी मला तुमचा अंगठा दिसला. मैदान, गलका, फडक्याची सुटलेली गाठ, तळव्यावर फिरलेला दांडू आणि टोकावर टेकून थांबलेला तुमचा अंगठा. मी गज खाली ठेवला. मालक विचारत होता, "एमय्यिंदी?" काय झालं म्हणून. 

तुम्हाला कळलं होतं. फडकं सोडलंत तेव्हा नाही, दांडू हातात आला तेव्हा. इतकी वर्षं चोळलेलं लाकूड, दोन बोटं कमी झाल्यावर तुमच्या हाताला कळणार नाही? म्हणून आज मोजायचं नाही. 'दांडू आखूड झालाय' एवढं म्हणाला असतात तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. पण मग पोरं विचारणारच, कसा झाला, कुणी केला. शोधत बघितलं असतं तर तासलेलं, धुरकट टोक कुणीही ओळखलं असतं, आणि चुलीपुढं बसणारं तुमच्या घरात एकच माणूस होतं. तिचं नाव मैदानावर निघू नये म्हणून तुम्ही नजरेवर चालवा म्हणालात. आणि मी त्या नजरेलाच अधू म्हटलं. ती नजर, जी छप्पन म्हणाली होती आणि जिला छप्पनच दिसले होते.

नंतर तरी सांगायचं होतंत. तुमची बदनामी झाली तेव्हा, निदान मला एकट्याला. पण तुम्ही दांडूच माझ्याकडं दिलात आणि म्हणालात, ह्यानं आता कुणी मोजायचं नाही. तेवढंच. पोरीच्या नजरेसमोरून तो हलवला असणार, म्हणजे तिला रोज त्याची धास्ती नको. मी ते बक्षीस समजलो. तुम्ही छप्पन बघणारे, एवढं कसं नाही दिसलं तुम्हाला, की हे पोरगं काय समजेल? का दिसलं होतं, आणि म्हटलंत, समजू दे?

आणि दुसरी गोष्ट, जी मला त्याहून उशिरा कळली. मी ट्रंक हातात धरून तिला विचारलं होतं ना, हो की नाही? त्याचं उत्तर तिनं त्या दिवशी चुलीपाशी दिलं होतं. जे आत्याला सांगितलं नाही ते मला सांगितलं. आणखी कसं सांगायचं असतं माणसानं? मी मात्र दांडू टाकत बसलो.

आज सकाळी भाजीच्या बाजारात आत्याबाई भेटल्या. वांगी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उद्या सकाळच्या मोटारीनं चाललीया ती. मंगळवेढ्याच्या शाळंत. तितंच ऱ्हानार आता."

"मी येऊ का मोटारीवर?"

"मला काय इचारतूस? मी म्हनलं न्हवतं तुला तसलं बोलायला."

"आत्याबाई, तिला एक सांगायचंय."

आता त्यांनी बघितलं. "आलास तर आदी गप उबा ऱ्हा. तिला बगू दे तुज्याकडं. मंग बोल. तुजं तोंड म्हंजी नुसतं वारं प्यालेलं खोंड." आणि दोन वांगी माझ्याच पिशवीत टाकून गेल्या. नेहमीसारख्या.

तिला सांगायचं ते एवढंच, की बाबांना कळलं होतं. तिनं त्यांना फसवलं नाही, ते फसलेच नव्हते. ओरडले नाहीत, कारण ओरडायचं नव्हतं. ही गोष्ट तिच्या कामाची आहे, आणि ती जगात फक्त मला माहीत आहे, कारण तो अंगठा बघणारा मीच होतो. हे न सांगता ती मंगळवेढ्याला गेली, तर तिथल्या चुलीपुढंही मागून हाक येण्याची वाट बघत बसेल. आणि हे सांगताना मी शेपूट म्हणून 'मग आता काय ते सांग' असं जोडलं, तर सगळंच मातीत गेलं. म्हणून ते विचारणार नाही. दांडू फडक्यात गुंडाळून नेईन आणि तिच्या हातात देईन. तो तिच्या घरचा आहे. ती घेईल, की मोटारीच्या खिडकीतून परत माझ्या हातात देईल, की नुसती समोर बघत बसेल, ते मला दिसेलच. दिसलं की पुरे, असं मी स्वतःला सकाळपासून सांगतो आहे.

तो दांडू मी अजून कशाला लावून बघितलेला नाही. कारखान्यात गज आहे, सुताराकडं पट्टी आहे, नेमका किती आखूड झालाय ते घटकेत कळेल. पण हातात घेतला की परत ठेवून देतो. तुम्ही म्हणाला होता, ह्यानं कुणी मोजायचं नाही. त्यालाही कुणी मोजू नये, असं मी आपलं ठरवलं आहे.

आता एक कबूल करतो, मास्तर. हा कागद मी तुमच्यासाठी घेतला नव्हता. तिला लिहायला बसलो होतो. पण वर काय लिहावं ते सुचेना. नुसतं नाव लिहावं तर तो हक्क अजून माझा नाही, आणि नावाआधी काही लावावं तर ते शाळेच्या हजेरीसारखं दिसतं. टाक तसाच धरून बसलो, शाई वाळायला लागली, तेव्हा 'मास्तर' असं लिहिलं आणि मग हात थांबला नाही. आता कागद संपला. तिला जे आहे ते तोंडानंच सांगावं लागेल, आणि मला भीती वाटते ती ह्या तोंडाचीच.